लिंडन स्ट्रीटवरचा खोटा दगड

"दार लावते गं मी. पण उद्या मी आत पडले, तर तू येणार कुठून?"

हा प्रश्न व्हर्ना हॉगन यांनी भर दुपारी, आपल्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून, शेजारच्या केल्सीला विचारला होता. केल्सीच्या एका हातात तिची छोटी मुलगी आयडा होती आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला पडताय? आणि मी आहे ना शेजारी." मांडीवरचा बिस्किटाचा भुगा झटकावा तसा तिने तो प्रश्न झटकून टाकला.

मित्रांनो, मी तेव्हा तिथेच होतो, पायरीच्या उजव्या अंगाला. तुम्ही मला लांबून पाहिले असते तर म्हणाला असता, हा दगड आहे. जवळ येऊन पाहिले असते तर म्हणाला असता, छे, हा कसला दगड. दोन्ही खरे. मी एक जुना खोटा दगड आहे.

माझा जन्म डोंगरात झाला नाही, नदीतही नाही. एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात ओतले, निवल्यावर त्यावर करडा रंग फवारला, चार काळे ठिपके मारले आणि झाला दगड. माझ्या पोटाखाली एक सरकते झाकण आहे आणि आत एक किल्ली मावेल एवढी पोकळी. घराची जादा किल्ली माझ्या पोटात ठेवायची आणि मला दाराजवळ टाकून द्यायचे, म्हणजे चोराला वाटावे की हा दगडच आहे. दगडाला काळीज नसते म्हणतात. मला तर पोटही रिकामेच मिळाले. तरी काळजी मात्र माझ्या वाट्याला साऱ्या गल्लीची आली.

मला विकत आणले ते व्हर्नाबाईंच्या यजमानांनी, ऑर्व्हल यांनी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ऑटर बेंड या लहानशा शहरात, लिंडन स्ट्रीटवर त्यांचे पांढरे घर. पायरीशी नदीतले तांबूस गोटे पसरलेले होते, त्यात त्यांनी मला ठेवले. त्या तांबूस गोट्यांत मी एकटाच करडा, लग्नाच्या पंगतीत गणवेशासकट बसलेल्या पोलिसासारखा. ऑर्व्हल दोन पावले मागे सरून म्हणाले, "ओळखू येत नाही अजिबात." ते फार चांगले गृहस्थ होते.

पहिल्याच वादळात मी उडालो. गडगडत, उड्या मारत थेट चर्चच्या हिरवळीवर जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी पाद्री मला काखेत घेऊन आले आणि रस्त्यातूनच ओरडले, "ऑर्व्हल, तुझा दगड उडाला होता." रविवारपर्यंत गावातल्या एकूण एक माणसाला माझे गुपित कळले. ऑर्व्हल यांनी मग मासे धरायच्या गळाचे शिसे माझ्या पोटात चिकटवले. त्यानंतर मी उडालो नाही, पण गुपित काही परत आले नाही.

तसे त्याने बिघडलेही नाही म्हणा. कारण ज्या दाराची किल्ली मी जिवापाड सांभाळत होतो, ते दार कधी लावलेच जात नसे. पोस्टमन दार ढकलून टपाल आत टाकी. कुणी वाडग्यात सूप ठेवून जाई. गल्लीतल्या गाड्यांच्या किल्ल्या गाड्यांतच लोंबत असत. फक्त ऑगस्टमध्ये लोक गाड्या कुलपात ठेवीत, कारण त्या महिन्यात प्रत्येकाच्या परसात झुकिनीची भाजी उतू जाते, आणि उघडी गाडी दिसली की माणसे दुधीएवढ्या झुकिन्या मागच्या सीटवर ठेवून पळून जातात. आमच्याकडे कुलपे होती ती चोरांसाठी नव्हती. काही आत येऊ नये म्हणून होती.

व्हर्नाबाई शाळेची बस चालवत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी अर्ध्या गावाला शाळेत पोहोचवले होते. रोज फेरी संपली की त्या बसमध्ये एकेक सीट तपासत. कुणाचा हातमोजा, कुणाचा डबा, कुणाचा एकच बूट. एकच बूट घालून पोर घरी गेले कसे, हे त्यांना कधी कळले नाही. जे सापडे त्याला नावाची चिठ्ठी लावून त्या घरी आणत आणि सकाळी ज्याचे त्याला देत. त्यांच्या बसमध्ये वस्तू हरवली असे कधी झाले नाही. ही सवय तुम्ही लक्षात ठेवा, पुढे ती फार महागात पडणार आहे.

ऑर्व्हल गेले. त्यांचा शिकारीचा तपकिरी कोट आणि कानपट्ट्यांची टोपी मात्र दारामागच्या खुंटीवर राहिली. थंडी पडली की व्हर्नाबाई तोच कोट अंगावर टाकून बाहेर येत. त्यात त्यांच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

पुढे शेजारच्या घरात केल्सी आली, शिकागोहून. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, हुशार, प्रेमळ, आणि सशासारखी सावध. तिचा नवरा ट्रेंट पवनचक्क्या दुरुस्त करतो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार तो कुठल्या तरी जिल्ह्यात कुठल्या तरी खांबावर चढलेला असतो. घरी ती आणि आयडा. दिवसातून एकदा तरी कुंपणावरून हाक येई.

"आजी, आयडा शिंकली."

"शिंकू दे."

"दोनदा शिंकली."

"मग दोनदा शिंकू दे."

तरी व्हर्नाबाई जात. आयडाला मांडीवर घेत, केल्सीला झोपायला पिटाळत. त्या दोघींचे असे छान चालले होते. आणि मग गावात चोऱ्या वाढल्या.

लाइल व्होपाट आमचा पोलीस. तो लहानपणी व्हर्नाबाईंच्याच बसमधून जायचा. ग्रंथालयात त्याने लोकांना चोऱ्यांविषयी माहिती दिली, आणि उरलेले डोनट घेऊन तो पायरीवर आला. केल्सी तिथे आधीच बसली होती. तिने फोनवर एक आलेख काढला होता. रेघ खालून वर जात होती.

"आजी, बघा. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट चोऱ्या."

"कितीच्या दुप्पट?" व्हर्नाबाईंनी विचारले.

केल्सीने आलेख पुन्हा पाहिला. "चारच्या."

"त्यात रॉयची होडी धरली आहे का रे, लाइल?"

"धरलीय, काकू."

"अरे, ती वाहून गेली होती. पुलाखाली सापडली ना?"

"सापडली. पण तक्रार मागे घ्यायला रॉयनं स्वतः यायला हवं, आणि तो लाजतो." लाइलने दुसरा डोनट उचलला. "पण हसण्यावारी नेऊ नका. जेन्सनची लाकूड कापायची करवत खरंच गेली. शेड उघडी होती. आपल्याकडे कुलूप कुणी फोडत नाही, काकू. हँडल ओढून बघतात. उघडलं तर घेतात, नाही उघडलं तर पुढच्या घरी. म्हणून आम्ही रोज रात्री सगळ्यांच्या फोनवर निरोप टाकतो, नऊ वाजले, दारं लावा."

"नऊला मी झोपलेली असते."

"मग झोपायच्या आधी लावा."

"ती दिवसासुद्धा लावायला हवीत," केल्सी म्हणाली. आणि मग, मित्रांनो, तिची नजर माझ्यावर पडली. "आणि हे काय आहे? आजी, जगातला प्रत्येक चोर आधी असला दगड उचलून बघतो. हा तर लांबूनच खोटा दिसतो."

एवढी वर्षे सगळ्या गावाने हे मनात ठेवले होते. तोंडावर कुणी म्हणाले नव्हते.

तिने मला उचलले, माझ्या पोटातली किल्ली काढली आणि व्हर्नाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला नेऊन अडकवली. ती बाहेर आल्यावर व्हर्नाबाईंनी तो प्रश्न विचारला, आणि केल्सीने तो झटकला. लाइल डोनट खात होता.

रिकाम्या पोटी मी गोट्यांत पडून राहिलो. एक कोळी आत राहायला आला. त्याने निदान दाराला जाळे तरी लावले.

पण एका सकाळी व्हर्नाबाई पाने गोळा करायचे दाताळे घेऊन बाहेर आल्या. पाने गोळा करण्याचे नुसते नाटक होते. एक डोळा केल्सीच्या खिडकीवर ठेवून त्या खाली वाकल्या, कोळ्याला हलकेच बाहेर काढले आणि किल्ली पुन्हा माझ्या पोटात सरकवली.

"तिला सांगू नकोस," त्या मला म्हणाल्या. आमच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मला ते नेमके आठवते. "पोर आधीच घाबरलेली आहे. पण बसला मागं एक दार असतं बघ, संकटातलं. ते बाहेरूनही उघडतं. चालवणाराच बेशुद्ध पडला, तर पोरांना बाहेर कोण काढणार? तू माझं ते मागचं दार."

मित्रांनो, त्या दिवशी मला कुणी खरा दगड करायला निघाले असते तरी मी नको म्हटले असते.

दार आता कायम लावलेले असे. केल्सीला शब्द दिला होता म्हणून व्हर्नाबाई ते दोनदा लावत. आणि चोर फिरताहेत हे ऐकल्यापासून त्यांचा जुना स्वभाव जागा झाला. लोक कामावर जातात आणि पार्सले दिवसभर उघड्यावर पडून राहतात, हे त्यांच्याने बघवेना. मोटार आली, पार्सल टाकून गेली की त्या ऑर्व्हल यांचा कोट चढवून, टोपी कानांवर ओढून निघत. परसापरसांतून जात, खोकी घरी आणत, नावाची चिठ्ठी लावत आणि तळघरात रचून ठेवत. मग भिंतीवरच्या फोनवरून ज्याला त्याला फोन करत. अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलत नसे. मग त्या निरोप बोलून ठेवत, "मी हॉगन, तुमचं खोकं माझ्याकडे आहे, जमेल तेव्हा न्या." तो निरोप ऐकायची फुरसत गल्लीत एकालाही नव्हती.

आता पुढचे तुम्हीच ओळखा. गल्लीच्या ग्रुपवर बोंब उठली. कुणाचे बूट गेले, कुणाचे मांजराचे खाणे गेले. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात पाठमोरा चोर आला, तपकिरी कोट, कानपट्ट्यांची टोपी. लोकांनी वर्णन लिहिले की उंच आहे, दणकट आहे, वय चाळिशीचे, चपळ, बहुधा बाहेरगावचा. व्हर्नाबाईंना ग्रुप दिसत नव्हता. चाळिशीची आणि चपळ हे वाचून त्या महिनाभर खूश राहिल्या असत्या.

केल्सीचा आलेख फोनमधून निघून फ्रिजवर गेला आणि रेघ कागदाच्या टोकाला पोहोचली. तिने दाराला कॅमेरा बसवला. तिची झोप उडाली. दोघी पायरीवर बसत आणि मी खालून ऐकत असे.

"आजी, तो कोटवाला काल परत दिसला. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला लोकांचंच नवल वाटतं," व्हर्नाबाई म्हणत. "स्वतःच्या वस्तूंची पर्वाच उरली नाही कुणाला. निरोप दिला तरी येत नाहीत."

"हो ना," केल्सी म्हणे, आणि डोळे रस्त्यावर.

दोघी एकाच चोराविषयी बोलत होत्या आणि दोघींना ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पण दगडाने बोलायचे कुठून?

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात एके दुपारी केल्सीच्या दारात एक मोठे खोके आले. आयडाच्या डायपरांचे, महिनाभराचे. केल्सी आत आयडाला अंघोळ घालत होती. पाणी आणि रडणे यांच्या आवाजात तिला काही ऐकू आले नाही. व्हर्नाबाई कोट घालून निघाल्या, कुंपणाच्या बाजूने गेल्या आणि ते खोके कवटाळून परत आल्या. खोक्यावरून त्यांची फक्त टोपी दिसत होती. आत गेल्या. दार लावले. एकदा, दोनदा.

आणि मग तळघराच्या जिन्यावरून धडधडत काही तरी खाली गेले.

मी कान दिला. आतून बारीक हाक आली, "केल्सी." मग पुन्हा एकदा. तळघरातून निघालेली हाक माझ्यापर्यंतच पोहोचत होती. कुंपण ओलांडायचे बळ तिच्यात नव्हते. किल्ली माझ्या पोटात होती, दार माझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मी जन्मभर जे करत आलो तेच करत होतो. पडून होतो.

तेवढ्यात केल्सीच्या फोनने तिला कॅमेऱ्यातला चोर दाखवला, आमच्या घराकडे वळणारा. ती आयडाला टॉवेलात गुंडाळूनच बाहेर धावली. डायपरांसाठी नाही, मित्रांनो. ती थेट आमच्या पायरीवर आली आणि दार बडवू लागली.

"आजी, दार उघडू नका. तो इथंच आहे. आजी? मी केल्सी. फक्त मला उघडा."

तिच्या बडवण्यात आतली बारीक हाक बुडून गेली. तिने फोन करून लाइलला बोलावले. तो जवळच रॉयच्या घरी होडीची तक्रार मागे घ्यायला त्याला समजावत होता. धापा टाकत आला.

"खिडक्या बंद, मागचं दार बंद," केल्सी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तो त्यांच्याबरोबर आत असेल, लाइल. आत शिरून त्यानं दार लावून घेतलं असेल."

लाइलने दाराला खांद्याने धडक दिली. दार ऑर्व्हल यांनी स्वतः बसवलेले, ओकच्या लाकडाचे. दार जागचे हलले नाही, लाइल मात्र खांदा चोळत खाली बसला.

"किल्ली त्या दगडात असायची ना?" त्याने विचारले.

"नाही," केल्सी म्हणाली. "मी काढली. आत खिळ्याला आहे. मीच आत ठेवायला लावली." आणि मग अगदी हळू, "त्यांनी मला विचारलं होतं, तू येणार कुठून म्हणून."

मी पोटातून ओरडत होतो. आहे, आहे, इथेच आहे. शेजारच्या गोट्यांनीसुद्धा ऐकले नाही. मी रिकामा आहे हे आता साऱ्या गावाला पक्के माहीत होते, आणि ऑटर बेंडमध्ये एकदा माहीत झालेली गोष्ट कुणी तपासून पाहत नाही.

केल्सीने आयडाला लाइलच्या हातात दिले. इकडेतिकडे पाहिले. दारालगतच्या काचेकडे पाहिले. आणि हाताला लागला तो सगळ्यांत मोठा दगड उचलला.

जन्मात पहिल्यांदा मला कुणी दगड समजून उचलले होते.

"अगं, तो..." लाइल म्हणेपर्यंत मी हवेत होतो. काचेवर मी सपकन आपटलो. काचेला ओरखडासुद्धा गेला नाही. उलट फिरून मी लाइलच्या टोपीवर आदळलो, तिथून पायरीवर, आणि तडकलो. माझे झाकण एकीकडे गेले, शिसे दुसरीकडे, आणि किल्ली खणखणत केल्सीच्या पायाशी जाऊन थांबली.

मग आयडाने टाळ्या वाजवल्या.

दार उघडे टाकूनच ते आत गेले, म्हणून पुढचे मला पायरीवरून ऐकू आले.

"काकू, हलू नका. चोर कुठाय?"

"कोण चोर?" व्हर्नाबाईंचा आवाज बारीक होता पण शाबूत होता. "घोटा मोडलाय बहुतेक. डायपरांच्या खोक्यावर पडले म्हणून वाचले. केल्सी, तुझं सामान चेपलंय गं जरा. आणि ती पोर ओल्या केसांनी का फिरतेय?"

"आजी," केल्सी म्हणाली. ती काय पाहत असावी ते मला कळत होते. "आजी, हा कोट कुणाचा?"

"ऑर्व्हलचा. का?"

"आणि ही सगळी खोकी?"

"ज्याची त्याची. नावं लावलीत वर. सगळ्यांना निरोप ठेवलेत, एक जण न्यायला येईल तर शपथ. लाइल, उभा काय राहिलायस? बस खाली आणि माझा पाय धर."

लाइल मुकाट्याने बसला असावा. कारण थोड्या वेळाने त्याचे हसू ऐकू आले, आणि त्यापाठोपाठ केल्सीचे रडणे, आणि व्हर्नाबाईंचे, "पुरे गं, पुरे, आलीस ना तू."

ऑटर बेंडमधल्या चोऱ्या त्या दुपारी जितक्या घसरल्या तितक्या कधी घसरल्या नव्हत्या. लाइल सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या कामगिरीमुळे नाही बरं. टोळीच्या म्होरक्याचा घोटा मोडला." लोक आपापली खोकी न्यायला ओशाळे चेहरे करून आले आणि प्रत्येकाने सोबत काही तरी खायला आणले. व्हर्नाबाईंनी पाय उशीवर ठेवून सगळ्यांना एकच ताकीद दिली, "फोनवरचे निरोप ऐकत जा." जेन्सनची करवत मात्र अजून सापडलेली नाही. ती खरीच चोरीला गेली आहे. म्हणून लाइल अजूनही रोज नऊला निरोप टाकतो, आणि दारे लावावीत हे मलाही पटते.

ट्रेंटने मला चिकटवले. भेग राहिली, झाकण सापडले नाही. किल्ली आता केल्सीच्या जुडग्यात असते आणि तिच्या घराची किल्ली व्हर्नाबाईंच्या खिळ्याला. फ्रिजवरच्या आलेखावर आयडाने रंगीत खडूने रेघोट्या मारल्या आहेत. माझ्या पोटात आता काही नाही. कोळी परत आला आहे.

काल केल्सी नाताळासाठी आईकडे गेली. गाडी सुरू करून ठेवून ती उतरली, पायरीपाशी आली, बर्फ बाजूला सारून तिने माझ्या डोक्यावर थाप मारली. "आजींकडे लक्ष ठेव हं," ती म्हणाली. पोस्टमनलाही तिने तेच सांगितले होते, लाइललाही, पाद्र्यांनाही. लाइल दोनदा येऊन गेला आहे. दुसऱ्यांदा व्हर्नाबाईंनी त्याला बर्फ उपसायला लावले.

मित्रांनो, आत स्वयंपाकघरात दिवा लागला आहे आणि त्या गुणगुणत आहेत, तेव्हा आमच्या पायरीची काळजी नको. पण तुमच्याही गल्लीत असे एखादे दार असेल, नीट लावलेले, दोनदा लावलेले. त्या घरातला दिवा आज नेहमीच्या वेळी लागला का? मी पडल्या जागी फक्त कान देऊ शकतो. तुम्हाला पाय आहेत. जरा जाऊन बघून या.